शेंगेतला आवाज

डब्यात काहीतरी खुळखुळलं, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की सकाळपासून घरात कुणीच काही बोललेलं नाही.

ठकी ओट्याखाली मांडी घालून बसली होती. मांडीवर चहाचा रिकामा डबा. ती तो कानाशी धरून हलवत होती, थांबत होती, पुन्हा हलवत होती.

"काय आहे गं त्यात?"

"बाबाची नवी किल्ली."

मी वळून भांडी विसळायला लागले. पाणी गरम होतं की गार, आत्ताही सांगता येणार नाही. चार महिने हे असंच चाललंय. आई म्हणते, एकदा मोकळेपणी रडून घे. मी मान डोलावते, आणि मग कपडे वाळत घालायचे असतात.

किल्लीची गोष्ट एवढीच. आमच्या दाराची किल्ली ठकीच्या बाबाने हरवली. "कारखान्यातच असेल कुठेतरी," तो म्हणाला. मी म्हटलं, "मग आण ना. कारखाना म्हणजे काय समुद्र आहे?" दोन दिवस झाले तरी किल्ली सापडेना, तेव्हा मी कुलूपच बदललं. नव्या कुलपाच्या दोन किल्ल्या. एक पर्समध्ये टाकली, दुसरी त्याच्या डोळ्यांदेखत चहाच्या डब्यात. "हरवणाऱ्याला किल्ली कशाला? बेल आहे की." तो हसला. त्याला हसायला फार लागायचं नाही. त्याच संध्याकाळी मी ठकीला घेऊन आईकडे गेले, गप्पांत उशीर झाला, आणि तो पाऊण तास जिन्यात बसून राहिला. शेजारच्या काकूंनी चहा दिला त्याला.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात जेवायला बसला असताना त्याच्या छातीत कळ आली. जेवणाचा डबा अर्धा उरला होता. फोरमनकाकांनी तो घासून, पुसून घरी आणून दिला. त्यात काय उरलं होतं ते मला कळलंच नाही.

भांडी झाली नव्हती तेवढ्यात फोरमनकाकांचाच फोन आला.

"वहिनी, शेंग आज उभी करतोय. येता का जरा?"

"उद्घाटन उद्या आहे ना?"

"उद्याच आहे. पण..." ते घुटमळले. "ती वाजतेय."

शहरात नऊ ठिकाणी स्टीलची मोठमोठी शिल्पं मांडणार होते. चौकात, बागेत, ग्रंथालयासमोर. त्यातलं बसथांब्यापुढचं हे. कागदावर त्याला भलंमोठं नाव होतं, पण कारखान्यात पहिल्या दिवसापासून ती शेंगच. दोन पुरुष उंच, पोटातून पोकळ, एका अंगाला वाकलेली. तिचे जवळजवळ सगळे सांधे त्याने जोडले होते. आठवडाभर रोज त्याच्या शर्टाला जळक्या धातूचा वास येत होता.

आम्ही गेलो तेव्हा शेंग लाकडी ठोकळ्यांवर आडवी होती. तिच्या अंगात अख्खा चौक दिसत होता, वाकडातिकडा. बसची वाट बघणारे दोघं जण तिच्याकडे बघत होते.

"पाण्याची टाकी असेल."

"टाकीला एवढी चकाकी कशाला? केळं आहे ते."

शिल्पकार मॅडम हे ऐकून हसल्या. साठीच्या असतील. पायात कारखान्याचेच बूट. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि लगेच सोडला, ते बरं झालं. ठकीने डबा बरोबर आणला होता. नको म्हणाले होते मी.

फोरमनकाकांनी क्रेनवाल्याला खूण केली. एक टोक हातभर वर गेलं. आत, कुठेतरी खोल, काहीतरी घसरलं आणि टिण् करून थांबलं.

"ऐकलंत?"

"हं."

"कारखान्यात ग्राइंडर चालू, सगळ्यांच्या कानांत बोळे. तिथे कोण ऐकणार? आज इथे उतरवताना कळलं." त्यांनी टोपी काढून पुन्हा घातली. "आमची एक रीत आहे, वहिनी. शेवटचा पत्रा बसवायच्या आधी आत हात घालून कोपरान् कोपरा चाचपायचा. नट, खडू, काही राहिलं असेल तर काढायचं. मगच बंद करायचं. हे काम त्याचंच. हात बारीक होता ना त्याचा. तीस कामं बंद केली त्याने, एकही वाजलं नाही."

"मग?"

ते ठकीकडे बघायला लागले. "हिला ताप भरला होता ना त्या दिवशी. तुमचा फोन आला. 'लवकर ये' म्हणालात. तो आत वाकलेला होता. तसाच बाहेर आला, पत्रा ठेवला, वेल्डिंगचे चार टाके मारले आणि पळाला. आत हात फिरवायचा राहिला असणार. बाकीचा सांधा मीच पुरा केला. मला वाटलं, चाचपलं असेल त्याने. आज आवाज ऐकला आणि सगळं डोळ्यांपुढे आलं. किल्ली तो शर्टाच्या वरच्या खिशात ठेवायचा."

ताप दुसऱ्या दिवशी उतरला होता. साधाच होता. मीच घाबरले होते.

"किल्लीच असेल कशावरून?" मी विचारलं. माझा आवाज कामावर विचारतात तसा निघाला, चौकशीचा.

काकांनी तारेला चुंबक बांधला. शेंगेच्या बुडाशी हात जाईल एवढं भोक होतं. त्यातून तार आत सरकवली, पार खांद्यापर्यंत हात घालून फिरवली. हे स्टील चुंबकाला चिकटत नाही, त्यामुळे लोखंडाचं काही असतं तर तेवढंच चिकटून आलं असतं. चुंबक बाहेर आला, कोरा.

"लोखंड नाही. किल्ली कशाची होती?"

"पितळेची."

"मग असेल. नसेलही. आमच्याच स्टीलचा तुकडाही असू शकतो."

मॅडम पुढे झाल्या. "हे बघा, हलवून ते बाहेर येत नाही. कापायचं असेल तर कापू. तीन तासांचं काम आहे. डाग राहील, राहू दे. पण एकदा बोल्ट आवळून खाली काँक्रीट ओतलं की हे भोक बंद. मग शेंग हलणार नाही आणि आवाजही येणार नाही. तुम्ही सांगाल तसं."

सगळे माझ्याकडे बघत होते. क्रेनवालासुद्धा. मी शेंगेला हात लावला. उन्हाने तापली असणार, कारण काकांनी "भाजेल" म्हटलं. त्याचा सांधा कुठे होता ते शोधत मी बोट फिरवलं. घासून इतकं सपाट केलं होतं की काही लागलं नाही.

कापलं आणि नट निघाला तर? किल्ली निघाली तर? कुठल्या 'तर'ला मला काही वाटेल, याचा मी अंदाज घेत होते, आंघोळीच्या पाण्यात कोपर बुडवून बघतात तसा. काही लागेना.

"नका कापू," मी म्हटलं.

मग ठकीच्या हातातला डबा घेतला, झाकण काढलं आणि नवी किल्ली बाहेर काढली. एकदाही कुलपात न गेलेली, दाते अजून धारदार. गुडघ्यावर बसले. भोकातून हात आत घातला, जाईल तेवढा, आणि सोडून दिली. ती थोडी घसरली आणि थांबली.

फोरमनकाका म्हणजे जन्मभर आतल्या वस्तू बाहेर काढायला लावणारा माणूस, पण मान वळवून उगाच बोल्ट मोजायला लागला.

शेंग उभी राहायला लागली. क्रेनचे पट्टे ताणले गेले. आत दोन आवाज झाले. एक वरच कुठेतरी अडकला, दुसरा घरंगळत पार बुडाशी आला. दोन्ही सारखे होते का? मी नीट ऐकलं होतं. मला सांगता येत नाही. मग पाना फिरला, एकेक बोल्ट बसला, आणि शेंग गप्प झाली.

"झालं की ते केळं उभं," थांब्यावरचा माणूस म्हणाला, आणि त्याची बस आली.

ठकीने रिकामा डबा हलवून बघितला. झाकण लावून पुन्हा हलवला. मग शेंगेच्या सावलीतल्या बाजूला कान लावून उभी राहिली, बराच वेळ. चकाकत्या पत्र्यात तिचा गाल लांबच लांब झाला होता आणि तिच्यामागे मी, वाकडी, एवढीशी.

"आई, बाबाला दिलीस ना तू किल्ली?"

"दिली."

तिने माझी ओढणी धरली.

"मग तेव्हाच का नाही दिलीस?"