पोटातून निघालेला निळा शिक्का

चॅपेलच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. चमत्काराने रोग काढणाऱ्या तेबानबाबाने नुसत्या बोटांनी दालिसायच्या पोटातून चरबीचा गोळा ओढून काढला आणि बशीत टाकला. ना सुरी, ना टाका! लाल पाणी ओघळलं. बायकांनी छातीवर क्रूसाची खूण केली.

"ही बघा आळसाची चरबी!" तेबान गरजला. "मी काढतो, ही पुन्हा भरते. का? श्रद्धा पातळ आणि जीभ जाड!"

लोक खदाखदा हसले. पंधरा वर्षांची दालिसाय बाकावर डोळे मिटून पडली होती. चरबी काढली की दिवसाला एक उकडलेलं केळं, एवढंच खायचा हुकूम होता. आदल्या दिवशी ती माझ्या वर्गात चक्कर येऊन पडली, तरी तिची आई पुरिंग मलाच म्हणाली, "चोरून खात असणार, बाई. नाहीतर वजन परत कसं येतं?" पोर उपाशी आहे, हे सांगून सांगून मी थकले होते.

एवढ्यात दालिसायची धाकटी बहीण निनाय बशीत डोकावली. "आई, ताईच्या चरबीवर निळा शिक्का!"

"शीर आहे ती, पोरी." तेबान बशी ओढू लागला.

मी पुढे होऊन बशीची दुसरी कड धरून ठेवली. गोळ्याला चिकटलेल्या कातडीवर अर्धं निळं वर्तुळ होतं. डुकराचं मांस तपासून सरकारी निरीक्षक मारतो, तोच शिक्का.

"काय रे तेबान, आमच्या पोरीला सरकारने कधी तपासून पास केलं?"

हशा पिकला. मी त्याची दुसरी, मिटलेली मूठ उघडली. आत लाल पाण्याची फुटकी पिशवी. गोळा आधीच मुठीत लपवायचा आणि बोटं मुडपून पोटाच्या वळीत दाबायची, म्हणजे ती आत शिरल्यासारखी दिसतात. संपला चमत्कार!

तरी मागून एक म्हातारा म्हणालाच, "पण माझा गुडघा त्यानेच बरा केला!" कपाळावर हात मारावा की काय करावं?

पुरिंग माझ्याकडे वळली. "मग वजन परत येतं ते, बाई?"

"अगं, चरबी रक्तातून मेंदूला निरोप पाठवत असते. उपाशी राहून चरबी घटली की निरोप कमी होतो. मेंदूला वाटतं, दुष्काळ आला. मग तो भूक भडकवतो आणि शरीराचा खर्च आवळतो. उपाशी ठेवलेल्या पोरीचं वजन परत आलं, तर ती चोर नव्हे. तिला दवाखान्यात ने, आणि आधी जेवू घाल."

बाहेर पडताच शेजारीण ओरडली, "काय गं दालिसाय, जाडी झालीस! जेवलीस का?" आमच्याकडे भेटल्यावर असंच विचारतात, एका दमात.

"जेवायलाच चाललीये," पुरिंग म्हणाली. "आणि जाडीबिडी पुन्हा म्हणायचं नाही." घरी तिने भात आणि मासा वाढला. दालिसाय आईकडे बघत बघत, भीत भीत जेवली.

मुलांनो, तेबान शिक्क्यामुळे सापडला. पुढचा भोंदू शिक्का कापून टाकूनच गोळा आणेल. म्हणून शिक्क्याची वाट बघू नका. पोट उघडलं म्हणतोस, तर जखम कुठे आहे, एवढंच विचारा. आणि पहिल्याच दिवशी विचारा.