मी गोळ्या लपवणार नाही

मी हिंगाची डबी बोलतेय. पिवळी, प्लास्टिकची, मीरा रोडच्या शांती नगरातली. नाकं मुरडू नका. माझा स्वभाव मुळातच उग्र आहे आणि आज मी गप्प बसणार नाही.

परळची चाळ सोडून हे कुटुंब २००३ साली इथे आलं, तेव्हा माझ्या पोटात खरंच हिंग होता. मग घरच्या एकुलत्या लेकीला, रुचिताला, कॉलेजात फिट आली. डॉक्टर म्हणाले, गोळ्या चुकवू नकोस, बाकी सगळं कर. पण तिच्या आईने, अंबिकाबाईंनी, घरी येताच मला धुतलं, गोळ्या पाकिटातून काढून माझ्यात भरल्या आणि मला मसाल्यांच्या मागे सरकवलं. कुणी विचारलंच तर पोरीला पित्त आहे म्हणायचं, असं ठरलं.

फिट आटोक्यात आल्या, पण पोर घाबरट झाली. मैत्रिणींकडे जाईना. नोकरीचा इंटरव्ह्यू बुडवला. तिला फिटपेक्षा कुणाला कळेल याचीच धास्ती. सकाळ-संध्याकाळ भिंतीकडे तोंड करून गोळी गिळायची, आणि त्या गोळीलाही हिंगाचा वास. माझा जीव तुटायचा. साध्या आजारी मुलीला यांनी पार चोर करून टाकलं होतं.

मग स्थळ आलं. आई म्हणाली, "सासरी हीच डबी ने. हिंग म्हटल्यावर कुणाला संशय यायचा नाही."

"म्हणजे आयुष्यभर?" रुचिताने विचारलं. आईने माझं झाकण घट्ट लावलं.

पाहुणे आले. पोहे झाले, चहा झाला. गोळीची वेळ झाली तशी रुचिता उठली, मला उचलून थेट बाहेरच्या खोलीत आली आणि सगळ्यांदेखत गोळी घेतली. शाब्बास पोरी, म्हटलं मी.

"कसली गं गोळी?" मुलाच्या आईने विचारलं.

"पित्ताची," अंबिकाबाई घाईघाईने म्हणाल्या.

"फिटची," रुचिता म्हणाली. "रोज घेते. लग्नानंतरही घेणार, अशीच सगळ्यांसमोर."

पाहुण्यांना एकदम काशीमीऱ्याची बस आठवली.

ते गेल्यावर आई रडायला लागली. "आता कोण करणार तुझ्याशी लग्न?"

"नाही केलं तर राहिलं. पण लपूनछपून मी जगणार नाही, आई."

तेवढ्यात शेजारच्या शैलाबेन दारात आल्या. "क्या हुआ अंबिकाबेन? लडकेवालों को पित्त का बताया क्या?"

अंबिकाबाईंनी डोळे पुसले. लेकीकडे पाहिलं.

"पित्त नहीं है," त्या म्हणाल्या. "इसको फिट आती है. मैं घर में नहीं रही और आयी, तो एक कुशी पे सुलाने का, मुँह में कुछ डालने का नहीं. तुम आयेगी ना?"

आता गोळ्या पाण्याच्या पिंपाशेजारी असतात, आपल्या पाकिटात, उघड्यावर. मी ओट्यावर रिकामी आहे. तुमच्या मसाल्यांमागे माझी एखादी बहीण दडवली असेल, तर तिलाही बाहेर काढा. फोडणीला लागेल तेवढा हिंग आम्ही सांभाळू. तुमची लाज सांभाळायचं काम आमचं नाही.