बोट एक, नंबर पाचदा

वादळाचा इशारा वरोरच्या साऱ्या बोटींना गेला, नारूच्या बोटीला तेवढा नाही. शेजारच्या बोटीने हाका मारल्या म्हणून नारूसह पाचही जण किनाऱ्याला लागले. सकाळी त्याची बायको चंद्रा त्याचाच फोन घेऊन मच्छीमार सोसायटीत, याद्या सांभाळणाऱ्या जतीनपुढे धडकली.

"जतीन, नंबर बदलल्याचं महिन्यापूर्वी सांगितलं होतं ना रे?"

"बदललाय, काकी. हे बघा."

संगणकावरच्या यादीत प्रत्येक खलाशाच्या ओळीत बोटीचा फोन नंबर होता. नारूच्या ओळीत नवा, बाकी चौघांच्या ओळींत जुनाच. बोटीला इशारा एकदाच जायचा, आणि तो जुन्या नंबरवर गेला होता.

चंद्रा भडकली. "एकच नंबर पाचदा कशाला लिहिलास? बोटीचं नाव आम्ही बोटीवर रंगवतो, पाच जणांच्या पाठीवर नाही!"

जतीनने बोटींची वेगळी यादी उघडली. तिच्यात नारूच्या बोटीपुढे नंबर एकदाच लिहिला आणि खलाशांच्या ओळींत फक्त बोटीचं नाव ठेवलं. मग चाचणीचा मेसेज पाठवला. चंद्राच्या हातातला फोन वाजला.

"झालं, काकी."

"आमचं झालं. उद्या दुसऱ्या कुणी नंबर बदलला तर?" तिने खुर्ची ओढली. "लाव पुढची बोट. मी बसलेय."