हाकेच्या अंतरावर

भोंगा साडेतीन वर्षांची होती. तिचं खरं नाव फक्त बालवाडीच्या हजेरीत उरलं होतं. घरात, जिन्यात आणि खालच्या दुकानांत ती भोंगाच. नाव बापाने ठेवलेलं, आणि उगाच नव्हे. पोरगी प्यायला पाणी मागायची तेही घराला आग लागल्यासारखं. आपल्याला झोप आलीय हे ती अशा काही सुरात सांगायची की ऐकणाऱ्याची झोप उडावी.

बालवाडीच्या बाईंनी एकदा तिच्या आईला बाजूला घेतलं. "रागावू नका, पण हिला कमी ऐकू येतं का?"

तपासणी झाली. कान ठणठणीत निघाले. दोष कानात नव्हता, पत्त्यात होता.

घर दुसऱ्या मजल्यावर, चार रस्ते मिळतात तिथे. खाली सिग्नल, सिग्नलला लागून बसथांबा. खिडक्या घट्ट लावल्या तरी आत अडुसष्ट डेसिबल. आणि हा आकडा अंदाजपंचे नव्हता, कारण भोंग्याची आई आवाज मोजायचंच काम करायची. मापक घेऊन कारखान्यांतून फिरायचं आणि कुठल्या मशीनपाशी कामगाराने किती तास उभं राहावं, हे मालकाला लिहून द्यायचं. लोकांच्या कानांची काळजी वाहणारी ही बाई स्वतःच्या घरी मात्र नवऱ्याला "मीठ दे रे" म्हणायला गळ्याच्या शिरा ताणायची. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

इतके दिवस दोघांनी हे हसण्यावारी नेलं होतं. मग एका सकाळी बसथांब्यावर भोंग्याचा हात सुटला. वाऱ्याने एक कागदी पिशवी उडाली आणि पोरगी तिच्यामागे पळाली. "थांब!" आई ओरडली. जिवाच्या आकांताने ओरडली, पण पाच पावलांवरच्या पोरीला ते ऐकूच गेलं नाही. बसवाल्याने करकचून ब्रेक मारला म्हणून निभावलं. भोंग्याला साधं खरचटलंही नव्हतं. पण त्या दिवसापासून आईच्या मनात एकच गोष्ट ठाण मांडून बसली: मी हाक मारली की माझ्या पोरीला ऐकू गेली पाहिजे. असं घर हवं.

त्यातच घरमालकाचा निरोप आला. मुलगा परत येतोय, महिनाअखेर जागा मोकळी करा.

तिने त्याच रात्री वहीत तक्ता आखला. भाडं दोघांच्या पगाराच्या तिसऱ्या हिश्श्याच्या वर जाता कामा नये. कामाची ठिकाणं पाऊण तासाच्या आत. मग रस्त्यावरचे दिवे, पाव तासात जाणाऱ्या गाड्या, दवाखाना किती पावलांवर, आणि सगळ्यात ठळक रकाना आवाजाचा.

नवरा खांद्यावरून डोकावला. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर लोकांना वर-खाली करून आलेला माणूस, त्यामुळे त्याचा स्वतःचा पारा कशानेच वर चढत नसे. "अगं, घर भाड्याने घ्यायचंय. की त्याच्यावर प्रबंध लिहायचाय?"

"तू फक्त पोरीला धर आणि मी सांगेन तिथे उभा राहा."

"म्हणजे नेहमीचंच काम."

दोघांना एकत्र सुट्टी रविवारचीच. चार रविवार त्यांनी वस्त्या पालथ्या घातल्या. एक वस्ती भाड्यात बाद झाली, एक अंतरात, एका ठिकाणी जिन्यात दिवाच नव्हता. शेवटी दोन गल्ल्या उरल्या.

पहिली घोड्याच्या नालेसारखी वळलेली, म्हणून तक्त्यात तिचं नाव नालगल्ली. दोन्ही बाजूंना झाडं, नव्याने रंगवलेल्या भिंती, सगळी फाटकं बंद. तिसऱ्या रविवारी सकाळी दहा वाजता तिने मापक धरला आणि आकडा बघून तिला भरून आलं. शेहेचाळीस. पाव तासात एक सायकल गेली, तीही उतारावर असल्याने पायडल न मारता.

दुसरी पाण्याच्या टाकीखालची, चौथ्या रविवारी बघितलेली. टाकीगल्लीच्या तोंडाशी लोखंडी खांब पुरलेले, मोटार आत शिरूच शकत नाही. तक्त्यात तिने लिहिलं, 'सामान वाहायला त्रास.' आत पोरांचा हा गलका, एका दारात शिवणयंत्राची खडखड, कुणीतरी तिसऱ्या मजल्यावरून खालच्याशी बोलतंय. सरासरी त्रेसष्ट, आणि एक टोक तर थेट एक्क्याण्णव! खोल्या उजेडाच्या होत्या, भाडंही कमी होतं, पण एक्क्याण्णव म्हणजे पत्र्याच्या कारखान्यातला आकडा. तिने त्या ओळीवर लाल रेघ मारली.

"मला तिथे बरं वाटलं," घरी आल्यावर नवरा म्हणाला.

"बरं वाटणं कशात मोजतात?"

"तुझ्या यंत्रात नाही, एवढं नक्की."

"पोरगी रस्त्यावर पळाली तेव्हा मी ओरडले होते. तिला ऐकू गेलं नाही. मला आवाज नकोय." हे ती हळूच म्हणाली, आणि त्या घरात हळू बोललेलं ऐकू येणं कठीण असूनही त्याने ऐकलं. तो म्हणाला, "ठीक आहे. नालगल्ली."

एजंटने गुरुवारी साडेअकराला विसार घेऊन बोलावलं. तिने अर्धी रजा टाकली. बालवाडी सुटली होती, म्हणून भोंग्याला बरोबर घेतलं. नवरा एका अडकलेल्या लिफ्टशी झुंजत होता. जमलं तर येतो म्हणाला.

नालगल्लीच्या वळणावर पोचली आणि तिने पोरीचा हात दोन्ही हातांनी धरला. समोरून ट्रक येत होता. त्याच्यामागे दुसरा. नालेच्या मधोमध, रविवारी तिला जे एक बंद फाटक फार शोभिवंत वाटलं होतं, ते सताड उघडं होतं, आणि आत गोदाम होतं. ट्रक एका टोकाने आत शिरत होते, माल उतरवून दुसऱ्या टोकाने बाहेर पडत होते. गल्लीचा आकारच त्यांना सोयीचा होता. वळवायची कटकट नाही.

एजंट घाम पुसत आला. "या ताई, या. दिवसा जरा वर्दळ असते. रविवारी बघा, अगदी चिडीचूप."

"रविवारी बघितलंय," ती म्हणाली.

"सवय होते हो आठ दिवसांत."

हे वाक्य तिच्या ओळखीचं होतं. कारखान्यांचे मालक तिला हेच सांगायचे. 'कामगारांना सवय झालीय, बाई.' आणि ती दर वेळी त्यांना समजावून सांगायची की कानाला सवय होत नसते. कान फक्त थोडा थोडा मरतो.

पण तिला खरी शरम वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. एका मालकाने तिला एकदा मुद्दाम सुट्टीच्या दिवशी मोजणीला बोलावलं होतं. सगळी यंत्रं बंद. ती कारखान्याभर फिरून हसत बाहेर पडली होती आणि कचेरीत जाऊन हा किस्सा सगळ्यांना ऐकवला होता. आता चार रविवार तिने नेमकं तेच केलं होतं. बंद कारखाना मोजला होता. फसवायला दुसरं कुणी लागलंच नाही.

तिने एजंटला नमस्कार केला, विसाराचं पाकीट पर्समध्येच ठेवलं आणि नवऱ्याला फोन लावला.

"ट्रक आहेत रे. भरपूर."

त्याने 'मी म्हटलं नव्हतं का' म्हणायची ती वाट बघत होती. तो म्हणाला, "रडू नकोस. लिफ्ट सुटलीय. टाकीगल्लीच्या खांबांपाशी ये, मी निघालोच."

"तिथे एक्क्याण्णव आहे."

"तरी ये. आज गुरुवार आहे ना? गुरुवारचं माप घे."

हे मात्र शास्त्रशुद्ध होतं.

टाकीगल्लीत ती नवऱ्याच्या आधी पोचली. सवयीने तिने पिशवीतून मापक काढला. दोन्ही हात लागतात म्हणून पोरीचा हात सोडला. मोजून पाच सेकंद. मान वर केली तर भोंगा जागेवर नव्हती.

ती गर्रकन वळली. तेवढ्यात शिवणयंत्राची खडखड थांबली आणि दारातून आवाज आला, "ए ठमे, कुणाची गं तू?"

पाठोपाठ वरच्या खिडकीतून, "अगं तिची चप्पल उलटी आहे बघ, पडेल." आणि सायकल हातात धरून चाललेल्या एका आजोबांनी सायकलच आडवी लावली, "बाई कुठे निघाल्या एवढ्या घाईने?"

भोंगा मधोमध उभी होती. इतक्या लोकांना आपली एकदम चौकशी का पडली, याचं तिला आश्चर्य वाटत होतं. आईने हाक मारली. मुद्दाम नव्हे, पण एवढ्या अनोळखी लोकांसमोर हाक नेहमीपेक्षा निम्म्या आवाजात निघाली.

भोंग्याने वळून पाहिलं. पाचच काय, वीस पावलांवरून वळून पाहिलं. ऐकू गेलं होतं!

शिवणकाम करणारी बाई टेप गळ्यात तशीच ठेवून पोरीला घेऊन आली. "तुमची का? मग ठीक. आम्हाला वाटलं, चुकून आली." मग तिने आईच्या हातातला मापक निरखून पाहिला. "तुम्ही त्या लिफ्टवाल्यांच्या ना? रविवारी माझ्या मशीनचा पट्टा बसवून दिला त्यांनी, ही तेव्हा त्यांच्या शेजारी झोपली होती, म्हणून ओळखली नाही. पैसे घेईनात. म्हणाले, बायको त्या टोकाला आवाज मोजतेय, तोवर वेळ घालवतोय."

"असं म्हणाला?"

"हो. आणि म्हणाले, फार हुशार आहे, पण तिला सांगू नका."

तेवढ्यात खांबांपाशी हेल्मेट काढत नवरा आला, आणि भोंग्याने त्याला पाहिलं. "बाबाऽऽ!"

आईच्या हातातल्या मापकावर आकडा उडाला. नव्वद.

ती त्या आकड्याकडे बघत राहिली. मग तिने वही काढली, रविवारची नोंद शोधली. एक्क्याण्णव, दहा वाजून सतरा मिनिटं. "रविवारी तू हिला खांबावर उभी करून फोटो काढला होतास, तो दाखव," ती नवऱ्याला म्हणाली. त्याने दाखवला. खांबावर भोंगा, दोन्ही हात हवेत, तोंड आभाळाएवढं उघडं. खाली वेळ, दहा सतरा.

"म्हणजे..." नवरा म्हणाला.

"म्हणजे मी ही गल्ली आपल्याच कार्टीच्या आवाजामुळे बाद केली."

तो आधी हसला नाही, हे त्याचं मोठेपण. पण शिवणकामवाली हसली, मग आजोबा, आणि मग तिलाच आवरेना. डोळे पुसत ती शिवणकामवालीच्या पायरीवर बसली आणि नुसतं ऐकत राहिली. कारखान्यात आवाज म्हणजे आवाज. तो कसला आहे हे कुणी विचारत नाही, फक्त किती ते विचारतात. इथे एक-एक आवाज वेगळा काढता येत होता. नळ. कात्री. एक मूल पाढे म्हणत होतं आणि सात सत्तेपाशी अडत होतं. अठ्ठावन्न डेसिबल, आणि त्यातलं प्रत्येक डेसिबल कुणाचं तरी होतं.

तक्त्यात तिने उभी नवी रेघ ओढली आणि वर लिहिलं, 'कुणाची गं तू?' टाकीगल्लीपुढे लिहिलं, 'पाच सेकंद, जास्तीत जास्त.' नालगल्लीपुढे काय लिहावं? तिथे रविवारी ते पाऊण तास उभे होते, पोरगी एका बंद फाटकावरून दुसऱ्यावर लोंबकळत होती आणि कुणीही काहीही विचारलं नव्हतं. त्या शांततेचं तिने कौतुक केलं होतं. तिने तिथे नुसती आडवी रेघ मारली.

"सामान वाहायला त्रास होईल हं," नवरा खांबांकडे बघत म्हणाला.

"होऊ दे. तू आहेस की."

महिनाअखेर ते राहायला आले. स्वयंपाकघर इतकं चिंचोळं की एकाने वळायचं तर दुसऱ्याने बाहेर यायचं. पाणी दिवसातून दोनदाच, टाकी डोक्यावर असून. मापक तिने कपाटात ठेवला होता. घरी काढायचा नाही असं ठरवलं होतं, आणि पहिल्या आठवड्यात दोनदाच काढला.

तिसऱ्या आठवड्यातली संध्याकाळ. आई कणीक मळत होती, भोंगा उंबऱ्यात बसून बटणं ओवत होती. शेजारणीने फुटकी बटणं दिली होती. पाढेवाला मुलगा सात सत्तेच्या पुढे गेला होता.

"भोंग्याऽऽ! हात धू! जेवायला चल!" आई ओरडली, वर्षानुवर्षं ओरडत आली तशीच, खाली बस उभी असल्यासारखी.

भोंगा उठून आत आली आणि काहीतरी म्हणाली. आईला ऐकूच आलं नाही.

"काय म्हणालीस?"

भोंगा पुन्हा म्हणाली. ओठ हलले, शब्द कळले नाहीत. पीठ लागलेले हात तसेच उंच धरून आई खाली वाकली, पार तिच्या तोंडापाशी कान नेला. साडेतीन वर्षांत पहिल्यांदाच तिला पोरीचं बोलणं ऐकायला वाकावं लागत होतं.

"आई," कानात गरम श्वास आला, "ओरडू नको ना. मी इथेच आहे."