औषध घ्यायला चाललोय

सखूबाईच्या छातीत गाठ निघाली, तेव्हापासून तिच्या नवऱ्याच्या, तात्याबाच्या बुडाला थारा राहिला नव्हता. गोठ्यात जायचा आणि वैरण न टाकताच परत यायचा. चहा पुढ्यात निवून जायचा. पुण्याच्या डॉक्टरांनी किमोला बोलावलं होतं, पण सखूबाई जागची हलेना. "शेजारच्या आक्काबाईचे किमोनं आधी केस गेले, मग आक्काबाई बी गेली," एवढंच तिचं म्हणणं.

अशात नात सोनम सुट्टीला गावी, न्हावऱ्याला आली. ती पुण्यात औषधशास्त्र शिकत होती. जेवताना सहज बोलून गेली, "आबा, घोणशीच्या विषात काही प्रोटीनं असत्यात. काचेच्या ताटलीत कॅन्सरच्या पेशी मारत्यात ती."

तात्याबाचा घास हातातच राहिला. त्याच्याच उसाच्या बांधाला, पाचटाखाली, एक घोणस राहायची. तिला चुकवूनच तो पाणी धरायचा. रात्रभर त्यानं कूस बदलली.

सकाळी ऊन चढल्यावर त्यानं बेचक्याची काठी घेतली, लोणच्याची रिकामी बरणी घेतली. दारात बसलेल्या सखूबाईनं विचारलं, "कुठं निघालात?"

घरात सापाचं नाव काढू नये, अशी त्याच्या आईची शिकवण. म्हणून तो म्हणाला, "औषध घ्यायला. आता सगळं मिटंल बघ." आणि झपाझपा उसाकडं निघाला.

डॉक्टर देतो तेही औषध आणि पिकावर फवारतात तेही औषधच. पण एकटा माणूस रानात जाऊन 'औषध घेतो' म्हणजे काय, हे गावात कुणाला सांगावं लागत नाही. सखूबाईला वाटलं, माझ्या दुखण्याला कंटाळला हा माणूस! तिनं बोंब ठोकली, "सोनमे, पळ! तुझ्या आबानं औषध घेतलं!"

इकडं तात्याबा काठीनं पाचट सारत होता. कुकरच्या शिट्टीसारखा फुत्कार आला. तो बेचकं टेकवणार, तोच मागनं आरडाओरडा झाला. पुढं सोनम, आणि मागं आजारपणात उंबरा न ओलांडलेली सखूबाई, धापा टाकत. घोणस सरकन उसात गेली.

"टाका ती बरणी! किती प्यालात?" सखूबाई ओरडली.

"काय प्यालो?"

"औषध!"

"आगं, लांबड्याचं विष काढाया आलतो. तुझ्यासाठी!"

सखूबाई बांधावर बसली. सोनमनं त्याच्या हातातली बरणी काढून घेतली. "आबा, ताटलीत तणनाशक ओतलं तरी पेशी मरत्यात. ते आजीला पाजाल का?"

तात्याबानं काठी खाली टेकवली.

"तण मरावं आन् ऊस राहावा, असं औषध त्या विषातनं काढायचं चाललंय. अजून तणासंगं ऊस बी जळतोय."

"मग कवा व्हायचं?"

"म्हाईत न्हाई. आजीला तवर थांबता यायचं न्हाई."

सखूबाई पदरानं तोंड पुसत उठली. "दुखणं माझं, आन् मरायला हे पुढं! येड्यावानी करत्यात. ह्यांना असं मोकळं सोडून चालायचं न्हाई. सोनमे, कधी बोलावलंय दवाखान्यात?"

"उद्याच जाऊ, आजी."

"जाऊ. पण हे माझ्या उशाशी बसणार. काठीबिठी न्हाई."

तिघं घराकडं वळली. मागं उसात पुन्हा शिट्टी वाजली. तात्याबाचे पाय थबकले, मान वळली. सखूबाईनं त्याचा सदरा मुठीत घट्ट धरला.

"पुढं बघा," ती म्हणाली.