कठड्याची पलीकडची बाजू

"हा ओघळ कुणाचा?" मल्हाररावांनी छत्रीचं टोक लोखंडी पट्टीवर टेकवत विचारलं. ते धाकट्या पातीचे कारकून.

खंडोजी रंगाऱ्याने कठड्याच्या अलीकडूनच मान वाकडी केली. "माझा रंग पलीकडं जात नाही, साहेब. सव्वीस वर्षं झाली."

"मग इकडे येऊन बघ."

माळव्यातल्या देवासात गाव एक, टेकडीवरची देवी एक, पण दरबार दोन. थोरली पाती आणि धाकटी पाती. कुठे कुठे हद्द रस्त्यामधूनच जायची. कचेरीमागच्या बागेत त्या हद्दीवर हा छातीएवढा कठडा उभा होता. थोरलीने आपल्या बाजूला हिरवा रंग द्यायचा, धाकटीने आपल्या बाजूला तपकिरी. दर साल, दसऱ्याआधी.

खंडोजी थोरल्या पातीचा रंगारी, गणोजी धाकटीचा. दोघे एकाच दिवशी, एकाच टोकाला समोरासमोर उकिडवे बसत आणि पट्टी-पट्टीने पुढे सरकत. मधल्या फटींतून बोलणं चाले.

"खंडू, तुझ्या वहिनीने आज भाजीत मीठच घातलं नाही."

"तू सांगितलंस तिला?"

"वेडा आहेस काय. दोनदा मागून खाल्ली."

आठ दिवसांचं काम. एरवी बाजारात गाठ पडली तरी दोघे नुसती मान हलवून पुढे जात. हातात कुंचला आणि मधे लोखंड असल्याशिवाय त्यांना बोलणं सुचत नसे. खंडोजीची बायको जाऊन नऊ वर्षं झाली होती, लेक लांब मनावर गावी दिलेली. त्या आठ दिवसांतलं बोलणं तो वर्षभर पुरवून पुरवून आठवायचा.

यंदा ज्येष्ठात गणोजी तापाने गेला. त्याच्या जागी कुणी आलं नाही. खंडोजीने एकट्याने हिरवी बाजू रंगवत आणली. सहा दिवसांत त्याच्या तोंडून शब्द निघाला तो आज, कारकुनाशी.

फाटकातून वळसा घालून तो पलीकडे गेला. या बाजूला तो कधी बसला नव्हता. गेल्या सालच्या तपकिरीवर, जवळजवळ प्रत्येक पट्टीच्या कडेवरून हिरवा ओघळ उतरला होता. काही बोटभर, काही वीतभर. त्याने नखाने एक खरवडून पाहिला. रंग त्याचाच होता.

मग त्याला गणोजीच्या खांद्यावरची चिंधी आठवली. टर्पेंटाईनने भिजलेली. बोलता बोलता ती पट्टीवर फिरायची. खंडोजी चेष्टा करायचा, "किती पुसतोस रे? फार सांडतो तुझा हात." त्यावर गणोजी हसायचा. "क्या करूँ भिया, म्हातारा झालो."

सव्वीस वर्षं तो हेच म्हणत आला होता.

"परक्या दरबारचा रंग आमच्या लोखंडावर," मल्हारराव म्हणाले. "उद्या कुणी म्हणायचं, कठडाच त्यांचा. मला लिहावं लागेल. एवढंच सांग, हे यंदा झालं, की दर साल व्हायचं?"

"दर साल व्हायचं म्हटलं तर?"

"तर कामच तसं आहे म्हणू, तू सुटलास. पण मग गणोजीने ते आमच्यापासून लपवलं, असं होतं. त्याची बायको अजून आमच्या नोकरांच्या लायनीतल्या खोलीत राहते. त्या खोलीचाही विषय मग निघेल."

"आणि यंदाच झालं म्हटलं तर?"

"तर तुझा हात गेला. तुझ्या दरबाराला कळवीन. कुंचला ठेवायला लावतील."

गणोजीच्या यमुनाबाईला मूलबाळ नव्हतं. त्या खोलीबाहेर पडली तर तिला जायला दुसरं दारही नव्हतं. खंडोजीने आपला उजवा हात पुढे धरून पाहिला. तो जरासुद्धा थरथरत नव्हता.

"यंदाच झालं," तो म्हणाला. "हात राहत नाही आता. गणोजी होता तोवर एक थेंब इकडं राहिला नाही."

मल्हाररावांनी त्याच्या हाताकडे पाहिलं.

"असंच लिहू?"

"लिहा."

"मग हे पुसून टाक आज. पण आमच्या बाजूला कुंचला लावायचा नाही."

खंडोजीने मुंडाशाची एक चिंधी फाडली, टर्पेंटाईनमध्ये बुडवली आणि पहिल्या पट्टीशी बसला. कठड्याच्या कडेने, गणोजी बसत सरकत जायचा तिथे, जमीन पाऊलभर रुंद, गुळगुळीत झाली होती. ओघळ वाळले होते. घासले की हिरव्याबरोबर थोडं तपकिरीही निघून यायचं, म्हणून तो हात हलका ठेवून पुसत होता. फटीतून पलीकडे त्याचं डबडं आणि बसायचा पाट दिसत होता.

ऊन उतरल्यावर एक माळवी शेतकरी दोरीला शेळी धरून आला. त्याला कचेरीत काम होतं.

"भिया, रंग गीलो हे कई? याँ बाँध दूँ?"

"उधर का गीला है," खंडोजी म्हणाला. "इधर का कब का सूख गया. बाँध दो."

शेतकऱ्याने दोरी पट्टीला गुंडाळली आणि तो कचेरीत गेला. शेळीला जागा व्हावी म्हणून खंडोजी जरा सरकला आणि पुढची पट्टी पुसू लागला.