शब्द पुरायची पेटी

माझ्यावर कुणी म्हणजे कुणी विश्वास ठेवला नाही. झाकण मी उघडलं नाही, चिठ्ठी मी सोडली नाही, हे मी घसा फोडून सांगत होते. पण पेटीचं ऐकतो कोण? हो, मी पेटी बोलतेय. शब्द पुरायची पेटी.

शिक्षण माझं चौथीपर्यंत. म्हणजे चौथीच्या वर्गात खडू ठेवायला मी होते. अमेरिकेत, मिशिगनच्या पार उत्तरेला आमचं गाव. तांब्याच्या खाणी बंद पडल्या, माणसं गेली, मग शाळाही गेली. कुलूप लागायच्या दिवशी ट्रेगिअर बाईंनी मला उचललं आणि घरी नेलं.

ट्रेगिअर बाई म्हणजे चौथीच्या मास्तरीण. वर्ग सुटला, पण मास्तरकी सुटली नाही. लोक इंग्रजीची कशी वाट लावतात हे ऐकून बाईंचे दात शिवशिवायचे. शेवटी त्यांनी गावाला एक प्रथा लावली. नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी सगळ्यांनी मत द्यायचं आणि वापरून वापरून चोथा झालेला एक शब्द मारायचा. चिठ्ठीवर लिहून माझ्यात ठेवायचा, काळे कपडे घालून दोन शब्द बोलायचे, मग कॉफी आणि वेलचीचा पाव. त्यानंतर जो कुणी तो शब्द बोलेल, त्याने चर्चच्या पायऱ्यांवरचा बर्फ उपसायचा.

पुरणं मात्र लगेच होत नाही. हिवाळ्यात आमची जमीन लोखंड होते, कुदळ मोडते. माणूस गेला तरी त्याची शवपेटी दफनभूमीतल्या दगडी खोलीत ठेवतात आणि बर्फ वितळला की पुरतात. शब्दांनाही तोच नियम; तेव्हा चिठ्ठी मातीत जाते, मी रिकामी परत येते. त्यामुळे माझा हिवाळा त्या खोलीत, मेलेल्यांच्या शेजारी जातो. शेजार चांगला आहे. कुणी कुणाचं बोलणं मधेच तोडत नाही.

मेलेले शब्द मी पुष्कळ पाहिले. 'ऑसम' माझ्यातूनच गेला. एके काळी देवापुढे गुडघे टेकायला लावील अशा भीतीचा तो शब्द होता म्हणे. आता मटणाच्या कानोल्याबरोबर केचप मिळालं तरी ऑसम. 'नाइस'ही गेला. त्याचा अर्थ पूर्वी मूर्ख असा होता, मग तो भलताच चिकित्सक झाला, आणि आता शेजारणीच्या पडद्यांना म्हणतात नाइस. उन्हाळा आला की दोघेही परत गावात हिंडायला लागले. ही भाषा कुणाच्या बापाचं ऐकत नाही. बाईंना ते पटत नव्हतं एवढंच.

यंदा बाईंनी 'ए'वर हात टाकला.

हा 'ए' आमच्याकडे वाक्याच्या शेपटीला असतो. थंडी आहे, ए? मासे लागले, ए? म्हणजे तुमचं ते 'हो की नाही'. दक्षिणेकडून आलेले पाहुणे त्यावरून हसतात, आणि बाईंना ते झोंबलं. मतदान झालं. लोकांनी गंमत म्हणून हात वर केले आणि 'ए' मेला.

मग गावाची जी दशा झाली ती काय सांगू. वाक्यं खाली उतरेनात. दुकानात माणूस म्हणायचा, "आज बर्फ फार आहे..." आणि तोंड उघडं ठेवून उभा राहायचा. समोरच्याला कळेना, याचं झालं की अजून आहे. एका पोराने मुलीला मागणी घातली, ती अर्धा तास पुढच्या शब्दाची वाट बघत बसली. चर्चच्या पायऱ्या इतक्या स्वच्छ कधीच नव्हत्या.

माझ्या शेजारी या हिवाळ्यात रायनो होता. ख्रिसमसच्या आधी गेला. त्याची बायको लेम्पी दर रविवारी यायची. किल्ली दफनभूमीच्या राखणदाराकडे, वेइकोकडे असायची, ती मागून आणायची. थर्मासमधली कॉफी दोन कपांत ओतायची आणि नवऱ्याशी बोलायची. "छपरावरचा बर्फ काढून घेतला." मग गप्प. "तुझी होडी तुझ्या भावाला देऊन टाकू म्हणते." मग गप्प. पुन्हा तोंड उघडायची आणि मिटायची.

एका रविवारी तिने लोकरीचा मोजा दातांनी ओढून काढला, माझं झाकण उघडलं, 'ए'ची चिठ्ठी काढली आणि पर्समध्ये टाकली. मग रायनोकडे वळून म्हणाली, "होडी देऊन टाकू, ए?" आणि त्याला जेवढा वेळ लागायचा तेवढा वेळ थांबली. मग म्हणाली, "बरं, नको तर नको."

आठवड्याभरात गावभर 'ए' सुरू झाला. एकीने म्हटला, दुसऱ्याने उचलला, पायऱ्यांवर बर्फ तसाच पडून राहिला. बाई तरातरा आल्या, मला उघडून बघितलं. चिठ्ठी नाही.

गावाची सभा भरली. मला टेबलावर ठेवलं, गुन्हेगारासारखं.

"बिजागरी सैल आहे हिची," बाई म्हणाल्या. "शब्द फटीतून निघून जातात. हिला सौनाच्या, त्या वाफेच्या न्हाणीघराच्या, चुलीत घाला. पुढच्या वर्षी पोलादी पेटी आणू, कुलपाची."

फटीतून! माझी एक फट दाखवावी. मी किंचाळत होते, आणि त्या चष्मा पुसत होत्या.

वेइको उठला. "बाई, पेटीला का शिव्या घालता? खोलीला कुलूप होतं. किल्ली माझ्याकडे."

"दुसऱ्या कुणाला दिली होती?"

वेइको टोपी चुरगाळत म्हणाला, "लेम्पीला. दर रविवारी. नवऱ्याला भेटायला."

सगळ्यांच्या माना वळल्या. लेम्पीने पर्स मांडीवर घट्ट धरली. आता मी सुटले, असं मला वाटलं. बोल म्हटलं लेम्पी, बोल, नाहीतर मी जळते.

"मला कशाला बघता?" लेम्पी म्हणाली. "मी घरी जायचे. तो तिथेच होता, चोवीस तास, पेटीच्या अगदी शेजारी. त्याने काढली."

"कुणी?"

"रायनोने. त्याला कधी कुणाचा नियम पटलाय?"

मागून एक म्हातारा म्हणाला, "मासेमारीची बंदी तरी कुठे पाळायचा."

ट्रेगिअर बाईंनी चष्मा चढवून लेम्पीकडे पाहिलं. लहानपणी शाळेत रायनो बाईंच्याच वर्गात, त्यांच्याच बाकावर बसायचा.

"माझी पेन्सिलही त्यानेच पळवली होती," बाई म्हणाल्या. "आणि कबूल केलं नाही."

"करणार कसा," लेम्पी म्हणाली, "तसलाच होता तो."

मी वाचले. खरं कुणी मानलं नाही, आणि मीही मग जास्त आरडाओरडा केला नाही. मला परत दगडी खोलीत ठेवलं. मे महिन्यात जमीन मऊ झाली आणि माझा शेजारी माझ्या आधी तिथून गेला. पुरताना लेम्पीने काय विचारलं ते मला ऐकू आलं नाही, खोलीचं दार लोटलेलं होतं.

आता मी बाईंच्या खिडकीत असते. तुमच्याकडे कुणी शब्द मारायला निघालं, तर त्या शब्दाशिवाय घरात कुणाचं बोलणं अडेल हे आधी विचारा. आणि मग तो पळाला तर पेटीला बोल लावू नका. आमच्या गावात तो प्रश्न कधीच मिटलाय. सभेत बाईंनी उभं राहून खणखणीत आवाजात निकाल सांगितला आणि सगळ्यांनी हात वर केले, लेम्पीनेही. शब्द पळवणारा: रायनो कांगस.